उकड कोण काढणार

करी रोडच्या वहिनीची कामावरची जागा तिचा नवरा जिवंत असेपर्यंत होती. हे तिला ठाऊक होतं, माझ्या काकीला ठाऊक होतं आणि त्या दोन खोल्यांत काम करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तोंडाने कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

त्या दोन खोल्या लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर आहेत. तिथे काकी उकडीच्या मोदकांचा धंदा करते. एरवी ऑर्डरप्रमाणे, संकष्टीला जरा जास्त, आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला परळ, दादर, गिरगावपर्यंत. दारावर एक पाटी आहे. तेव्हा त्या पाटीवर 'सवाष्णींच्या हातचे उकडीचे मोदक' असं लिहिलेलं होतं. मजकूर काकीचा. ती म्हणायची, नैवेद्य घेणारं गिऱ्हाईक चव नंतर बघतं, आधी हात विचारतं.

काकी स्वतः विधवा आहे. काका गेल्यावर तिने हा धंदा सुरू केला आणि पहिला नियम स्वतःलाच लावला. मोदक करायला ती हात लावत नसे. दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसून ती बघत असे. दुसरा नियम असा की कामाला घ्यायच्या त्या आमच्या भावकीतल्या सुनाच. एका गावच्या, एका आडनावाच्या, मुंबईत इथे तिथे राहणाऱ्या. नाती इतकी गुंतलेली की सगळ्याच एकमेकींच्या जावा, पुतणसुना, चुलतसासवा. म्हणून त्यांना राहत्या जागेवरून ओळखायची पद्धत पडली होती. भोईवाड्याची, चिंचपोकळीची, करी रोडची. मीही त्यांना तसंच ओळखतो.

मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. तिथे माणसं कमी करायचं ठरलं तेव्हा आम्हाला एकेक करून काचेच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं. समोरच्या मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि संस्थेची दिशा समजावून सांगितली. मी पाणी प्यायलो आणि सही केली. त्यानंतर काकीकडे यायला लागलो. फोन घ्यायचे, ऑर्डर लिहायच्या, टेम्पोवाल्याला पत्ते समजावून द्यायचे, एवढं माझं काम.

काकीने कधी कुणाला काढून टाकलेलं नाही. तिची पद्धत वेगळी होती. श्रावणात नागपंचमी झाली की ती एकेकीला फोन करायची, "येतलंस ना गो?" एवढंच विचारायची. ज्या वर्षी फोन येणार नाही त्या वर्षी समजून घ्यायचं. काळाचौकीला राहणारी एक जाऊ होती. मोदकाच्या मुखऱ्या, म्हणजे कळ्या, पाडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा नवरा गेला आणि पुढच्या श्रावणात तिला फोन गेला नाही. तिनेही विचारलं नाही. दोन वर्षांनी तिने आपल्या सुनेला पाठवलं आणि काकीने सुनेला ठेवून घेतलं.

ओरडणं, रागावणं काकीच्या स्वभावात नव्हतं. एखादा मोदक फुटका निघाला तर ती तो उचलायची आणि जिचा असेल तिच्या ताटलीत उपडा ठेवायची. जेवायच्या वेळी तो जिचा तिने खायचा. बाकीच्या बघत. मोबाइल कामाच्या वेळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात आणि डबा फळीवर जाई. सीझन सुरू व्हायच्या आधी कासार यायचा आणि सगळ्यांना काकीच्या खर्चाने हिरव्या बांगड्या भरायचा. दारात आलेल्या गिऱ्हाईकाला आधी ते हात दिसत. काकी याला युनिफॉर्म म्हणायची, आणि ती हे विनोदाने म्हणत नव्हती.

एका वर्षी माणसं कमी पडत होती तेव्हा मी सुचवलं होतं की वरच्या मजल्यावरची साताऱ्याकडची बाई हाताने चांगली आहे, तिला घेऊ.

"भायरच्या बाईक सांगूक लागता," काकी म्हणाली. "घरच्या बाईक नुसता बघला तरी पुरता."

"अगं, पण चार हात वाढतील."

"हात वाढतले. आणि उद्या ती रुसान बसली तर मी कोणाच्या सासवेक फोन करू?"

भोईवाड्याची नारळ खवता खवता हसली. "भावजी, आमच्या सासवा गावाक बसान आमचो रिपोर्ट घेतत. तुमच्या पेपरात होती काय अशी सोय?"

नव्हती. मी तसं सांगितलं.

आता उकडीबद्दल. पाणी उकळायचं, त्यात मीठ, लोणी, मग तांदळाची पिठी वैरायची, झाकण ठेवून वाफ आणायची आणि हात भाजत असतानाच मळायची. उकड बिघडली तर पुढचे सगळे हात फुकट. पारी फाटते, मुखऱ्या बसतात, पात्रात मोदक उलतात. आमच्याकडे उकड करी रोडची काढायची. धंदा सुरू झाल्यापासून तीच. पाठीमागच्या खोलीत शेगडी होती, पुढच्या खोलीत बाकीच्या पाटाला पाट लावून बसत. मधलं दार उघडं असे. ती परात घेऊन त्या दारातून पुढे यायची, मधोमध ठेवायची, आणि गोळे तुटायला लागायचे. तिच्या ताटलीत उपडा मोदक ठेवायची वेळ काकीवर आलेली मी पाहिली नाही, कारण ती मोदक करतच नसे. सगळ्यांचे मोदक तिच्या उकडीचे होते.

तिचा नवरा नात्याने माझा मोठा चुलतभाऊ. हिंदमाताला कापडाच्या दुकानात तो बरीच वर्षं होता. साखरेने पाय गेला, मग उभं राहायचं काम जमेना, मग तो गावी भावाकडे गेला. वहिनी इथेच राहिली, कारण दोघांपैकी एकाला कमावणं भाग होतं. काकी तिला मधूनच विचारायची, "कसो आसा?" ती म्हणायची, "आसा." दोघी पुन्हा कामाला लागायच्या.

तो गेला तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी सारणाचं काम असतं. खोलीभर नारळ, गूळ शिजतोय, बायका खाली मान घालून खवताहेत. काकीचा फोन वाजला. ती बोलत बोलत बाहेर गेली आणि जिन्याखाली उभी राहिली. मग मला हाताने बोलावलं.

"करी रोडचीचो घोव गेलो," ती म्हणाली. "आज फाटे."

गावाकडचे लोक अशी बातमी आधी मोठ्या माणसाला देतात. त्यांनी काकीला दिली होती. पुढचं सगळं मला आपोआप समजलं, कारण मीही त्याच भावकीचा. गेलेला माणूस आमचा. सुतक सगळ्या भावकीला. आत बसलेली प्रत्येक बाई भावकीची सून. सुतकातल्या हाताचा नैवेद्य चालत नाही. उद्या चतुर्थी. ज्या नियमाने धंदा इतकी वर्षं उभा होता, त्याच नियमाने तो त्या सकाळी पूर्ण थांबत होता. वरच्या मजल्यावरची साताऱ्याची बाई तेवढी सुतकाबाहेर होती.

"तिला सांगायला हवं," मी म्हणालो.

"तिका सांगतंयच. मी काय राक्षस आसंय?" काकी म्हणाली. "बाकीच्यांचा इचार कर."

सुतक ऐकल्यापासून लागतं. ज्याच्या कानावर गेलं नाही त्याला लागत नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि हे शास्त्रात आहे की सोयीत, याची चौकशी कधी केलेली नाही. आमच्या डेस्कवर काही बातम्या येत, पण अमुक वेळेपर्यंत छापायच्या नसत. त्या वेळेपर्यंत त्या सगळ्यांना माहीत असत आणि कुणालाच माहीत नसत. काकीला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने करी रोडचीला हाक मारली. वहिनी हात पुसत बाहेर आली. मनगटापर्यंत नारळाचं दूध होतं. काकीने सांगितलं. शब्द तेच, मला सांगितलेले.

वहिनीने काही वेळ जिन्याच्या पहिल्या पायरीकडे पाहिलं.

"कधी नेतले?"

"दोपारी. तुका पोचाक उद्या उजाडतला. थांबवूक सांगू?"

"नको. ह्या दिवसात कोणाक थांबवतले." मग तिने दाराकडे पाहिलं. "भितर कोणाक कळला?"

"नाय."

"मग सांगा नकात. माका ताप इलो म्हणान सांगा."

ही सूचना काकीच्या मनात असणार, पण ती काकीला करावी लागली नाही.

"उद्या उकड कोण काढतला?" वहिनीने विचारलं.

नवऱ्याच्या मरणाची बातमी ऐकल्यावर तिने विचारलेला हा तिसरा प्रश्न होता. मी तो जसा ऐकला तसा लिहितोय. तिच्या आवाजात फरक नव्हता.

"बघतंय मी," काकी म्हणाली.

"पिठी नवी आसा. पाणी जरा जास्त घेता."

"बघतंय म्हटलंय ना."

वहिनी आत गेली. पिशवी घेतली, फळीवरच्या डब्यातून फोन काढला. "अंगात कसकस आसा, जातंय," असं तिने खोलीला सांगितलं. भोईवाड्याची म्हणाली, "जा, औषध घे. गरम पाणी पी." चिंचपोकळीची म्हणाली, "झोपान रव." दोघींनीही मान वर केली नाही. नारळ खवण्याचा आवाज एका लयीत चालू राहिला, आणि मला तेव्हाच कळलं की सगळ्यांना कळलेलं आहे. थोड्या वेळापूर्वी चहाला डबा खाली आला होता. गावच्या ग्रुपवर बातमी आली असणार आणि प्रत्येकीने ती वाचून फोन डब्यात परत ठेवला असणार. आपल्याला कळलंय हे काकीला कळू द्यायचं नाही, हे त्यांनी आपापसांत ठरवलं की न ठरवताच झालं, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात जायला गाडी मिळत नाही. मी माझ्या जुन्या ओळखीतल्या एकाला फोन केला आणि परळहून सुटणाऱ्या एका खाजगी बसच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मागे, एक जागा मिळवली. तिला पोचवायला गेलो. ती खिडकीला हात धरून बसली होती. हातात काकीने भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या.

"भावजी," ती म्हणाली, "पात्रात पाणी कमी झाला की बघा. बोलण्यात बोलण्यात रवता."

बस सुटली.

चतुर्थीच्या पहाटे काकी सगळ्यांच्या आधी मागच्या खोलीत गेली आणि तिने मधलं दार लावून घेतलं. मला तिच्या स्टुलावर बसायला सांगितलं. बायका आल्या, हातपाय धुऊन पाटावर बसल्या. दार बंद होतं. आत शेगडी पेटल्याचा, झाकण पडल्याचा आवाज आला. आत कोण आहे, असं कुणी विचारलं नाही. काही वेळाने दार थोडं उघडलं आणि परात पुढे सरकली. भोईवाड्याचीने ती ओढून घेतली, बोटाने दाबून पाहिली.

"जरा घट्ट आसा," ती म्हणाली.

"चलता," चिंचपोकळीची म्हणाली.

एरवी त्या दिवशी खोलीत बडबड असते. नवऱ्यांच्या नकला, गावच्या भानगडी, माझी पेपरातली नोकरी गेली त्याची थट्टा. त्या दिवशी बोलणं पिठीपुरतं आणि सारणापुरतं होतं. डबे भरले गेले, टेम्पो निघत राहिला. दुपारपर्यंत सगळ्या ऑर्डर गेल्या. पुढे एका बाईंचा फोन आला की या वर्षी पारी किंचित जाड होती. बाकी तक्रार आली नाही.

दरवर्षी शेवटचा डबा गेला की काकी या बायकांसाठी बस ठरवते. गावच्या घरी गणपती बसतो तेव्हा त्या कधीच तिथे नसतात. गौरीला पोचतात. त्या दुपारी शेवटचा डबा गेल्यावर काकी मागच्या खोलीतून बाहेर आली. तिच्या उजव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा लाल पट्टा होता. तो सगळ्यांना दिसला. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "गावाकडसून फोन इलो. करी रोडचीचो घोव गेलो."

भोईवाड्याची मोठ्याने रडायला लागली. मग चिंचपोकळीची, मग बाकीच्या. ते रडणं खरं होतं. मी दारात होतो, मला त्यात काही बनाव दिसला नाही. आदल्या दिवसापासून ते आत होतं आणि आता त्याला बाहेर यायची मुभा मिळाली होती. मग एकेक जण मोरीत गेली आणि डोक्यावरून आंघोळ करून आली. ओल्या केसांनी त्या बसमध्ये बसल्या. गावात त्या वर्षी भावकीतल्या कुठल्याच घरी गणपती बसला नव्हता.

या प्रकाराबद्दल नंतर कुणी बोललं नाही. एक नियम वाकवला गेला होता. खरं तर दोन. पण त्यातला एक कुणाला दिसला नव्हता आणि दुसरा बंद दारामागे झाला होता. करी रोडच्या वहिनीचं तसं नव्हतं. सुतक दिसत नाही, कपाळ दिसतं.

वर्षभर ऑर्डरीच्या कामाला वहिनी आली नाही, तिला बोलावलंही गेलं नाही. संकष्टीच्या उकडीला काकीने भोईवाड्याचीला बसवून पाहिलं. तिच्या पाऱ्या फाटायच्या. एकदा काकीने फुटके मोदक उपडे ठेवले ते ताटलीत मावेनात. भोईवाड्याची म्हणाली, "काकी, उपडे ठेवण्यापेक्षा माकाच उपडी ठेव." सगळ्या हसल्या. काकी हसली नाही.

श्रावण आला. काकीची नजर अधू झाली होती, म्हणून फोन लावायचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. ती स्टुलावर, मी पाटावर.

"भोईवाड्याचीक लाव."

लावला. "येतलंस ना गो?" झालं.

"चिंचपोकळीचीक."

झालं. काळाचौकीच्या सुनेला झालं. गावातून नव्याने आलेल्या एका पुतणसुनेला झालं. मग काकी थांबली. मी फोन हातात धरून बसलो. बाहेर कुणीतरी गॅलरीत कपडे झटकत होतं.

"उकड कोण काढतला?" काकी म्हणाली.

"गेल्या वर्षी तू काढलीस."

"ता येकदाच."

"का? कुणाला काय झालं त्यानं?"

"माझा वय बघ आणि बोल." मग, "काळाचौकीची काय म्हणतली?"

हे मला अपेक्षित नव्हतं. इतक्या वर्षांपूर्वी जिला फोन केला नाही ती काय म्हणेल, हा काकीचा प्रश्न होता. गिऱ्हाईक काय म्हणेल, हा नव्हता.

"लाव तिका," काकी म्हणाली.

मी करी रोडच्या वहिनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"येतलंस ना गो?"

पलीकडे वहिनीने नळ बंद केल्याचा आवाज आला. मग, "काय करूक येव, काकी?"

"उकडीक."

"आणि बसू खंय?"

"आत."

"बरा," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

सीझनच्या आधी काकीने मला हिंदमाताला पाठवलं आणि जाड, चॉकलेटी रंगाचं कापड आणायला सांगितलं. ते तिने मधल्या दाराला पडदा म्हणून लावलं. कासार आला. त्याने पुढच्या खोलीतले हात भरले, मागच्या खोलीकडे पाहिलं आणि पेटी बंद केली. वहिनी चाळीच्या मागच्या बोळातून यायची, तिकडच्या दाराने. कपाळावर बारीक काळी टिकली. पहिल्या दिवशी ती पडद्याला हात लावून म्हणाली, "ह्यो कित्याक?"

"वाफ भायर येता. बायकांका तरास होता."

"वाफ भायर जावक व्हयी, काकी. नायतर मी शिजान जातलंय."

"पंखो लावतंय."

पंखा लागला. शेगडीची आच हलायला लागली म्हणून वहिनीने तो बंद केला. ती आत उकड काढायची आणि परात पडद्याखालून पुढे सरकवायची. भोईवाड्याची ती ओढून घ्यायची. पाऱ्या फाटायच्या थांबल्या. काकीला फुटका मोदक उपडा ठेवायला मिळेना.

चतुर्थीच्या सकाळी दारात गर्दी होती. दादरच्या एक बाई दरवर्षी स्वतः न्यायला येतात. सुती साडी, खांद्याला पर्स, गाडी कोपऱ्यावर उभी. त्या डबा हातात घ्यायच्या आधी दरवर्षी एक प्रश्न विचारतात. तो त्यांनी विचारला.

"सगळ्या सवाष्णीच करतात ना हो? सासूबाई विचारतात म्हणून."

"हो तर," काकी म्हणाली. हेही दरवर्षीचंच.

त्याच वेळी आतून परात सरकली. भोईवाड्याचीच्या मांडीवर भरलेली चाळणी होती, हात अडकले होते. दुसऱ्या कुणाचा हात पोचत नव्हता. परात पडद्याखाली अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. उकड थांबत नाही. थंड झाली की संपली.

"गो, घेवा कोणीतरी," आतून वहिनी म्हणाली.

"हात खाली नाय," भोईवाड्याची म्हणाली.

पडदा बाजूला झाला. वहिनी परात दोन्ही हातांनी उचलून पुढच्या खोलीत आली. घामाने चेहरा भिजला होता, पदर खोचलेला, हात मोकळे. ती नेहमी ठेवायची तिथे, मधोमध, तिने परात ठेवली आणि ओल्या फडक्याने उकड झाकली. मग वर पाहिलं. दारातल्या बाई तिच्याकडे बघत होत्या. खोलीतले सगळे हात थांबले होते. काकी स्टुलावर ताठ बसली होती. तिला स्पष्ट दिसत नसलं तरी काय झालं ते तिला कळलं होतं.

बाईंनी वहिनीच्या कपाळाकडे पाहिलं, मनगटांकडे पाहिलं, मग परातीकडे.

"ही उकड तुम्ही काढता?" त्यांनी विचारलं.

"होय," वहिनी म्हणाली.

"गेल्या वर्षी पारी जाड होती. मीच फोन केला होता."

"गेल्या वर्षी मी नव्हते," वहिनी म्हणाली. गिऱ्हाईकाशी ती असं शुद्ध बोलते.

बाईंनी डबा घेतला. पर्समध्ये किल्ली शोधली. निघताना काकीजवळ वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "सासूबाईंना मी काही सांगत नाही हं."

त्या गेल्या. वहिनी आत गेली आणि तिने पडदा ओढून घेतला. पुढच्या माणसाने आपली ऑर्डर सांगितली. मी ती शोधून दिली.

विसर्जनानंतर काकीने मला विचारलं, "पाटयेर काय लिवशीत?" तू पेपरातला, असं ती वर म्हणाली. मी सांगितलं की एक शब्द काढून तिथे 'घरच्या' घातलं तर पुरेल. काढायचा तो शब्द तिने माझ्याकडून म्हणून घेतला नाही. म्हणाली, "काढ." रंगाऱ्याने पाटी उतरवून नेली आणि 'घरच्या हातचे उकडीचे मोदक' असं लिहून आणली. अक्षरं आधीपेक्षा मोठी आली, कारण जागा उरली होती.

पाटी लागली त्या दिवशी वहिनी आली होती. संकष्टीची ऑर्डर होती. ती पुढच्या दारासमोर थांबली, मान वर करून तिने पाटी वाचली. काकी आपल्या स्टुलावर होती.

"बरी आसा," वहिनी म्हणाली. "आणि पडदो?"

"वाफ येता गो," काकी म्हणाली.

पुढचं दार उघडं होतं. वहिनी चाळीला वळसा घालून मागच्या बोळात गेली. थोड्या वेळाने पडद्यामागे शेगडी पेटल्याचा आवाज आला.